पॉलिटेक्निकमधील चित्रशाळा : दिल्लीतील कलाशिक्षण आणि माध्यमाचा प्रश्न

बा. सी. मर्ढेकर यांचे निधन २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत झाले. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते ऑल इंडिया रेडिओच्या सेवेत त्या शहरी होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचा ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, आणि मराठी समीक्षेत ‘माध्यम’ ह्या शब्दाला जे काटेकोर स्थान पुढे लाभले, त्याचे श्रेय बव्हंशी ह्या ग्रंथाकडे जाते. चित्रकाराचे माध्यम म्हणजे रंगाची संवेदना, गायकाचे माध्यम म्हणजे स्वराची संवेदना, आणि ह्या संवेदनांची संवाद, विरोध व समतोल ह्या तत्त्वांनी झालेली लयबद्ध रचना म्हणजे कलाकृती, अशी ती भूमिका होती. तिच्यावर वाद पुष्कळ झाले. परंतु वादी आणि प्रतिवादी ह्या दोघांनीही एक गोष्ट बहुधा गृहीत धरली. चित्रकलेच्या माध्यमाविषयीची चर्चा पूर्ण झालेले चित्र समोर ठेवून, प्रेक्षकाच्या जागी बसून करता येते, असे ते गृहीत होते.

मर्ढेकर ज्या काळात दिल्लीत होते, त्याच काळात त्याच शहरात काश्मिरी दरवाजाजवळच्या एका तांत्रिक विद्यालयात हाच प्रश्न निराळ्या रीतीने रोज उपस्थित होत होता. तेथील विद्यार्थ्यांना माध्यम म्हणजे जवसाचे तेल, ओली माती, सागाचा ओंडका, जस्ताचा पत्रा आणि नत्राम्लाची कुंडी होती. रंग किती वेळात वाळतो, लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने जातात, कागद किती ओला असला म्हणजे शाई धरतो, हे कळल्यावाचून त्यांच्या संवेदनेला आकारच मिळत नव्हता. ह्या विद्यालयाच्या कला-विभागाचा इतिहास म्हणूनच केवळ एका संस्थेचा इतिहास उरत नाही. माध्यम हे संवेदनेचे असते की पदार्थाचे, आणि पदार्थाचे ज्ञान महाविद्यालयात शिकविता येते की नाही, ह्या प्रश्नांना त्यात प्रत्यक्ष अनुभवाची उत्तरे सापडतात.

दिल्लीचे ह्या बाबतीतले स्थान आरंभापासूनच विलक्षण होते. इंग्रजी अमलात मद्रास, कलकत्ता आणि मुंबई येथील कलाशाळा १८५० ते १८५७ ह्या अवधीत उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून मुंबईची शाळा १८५७ साली सुरू झाली. लाहोरच्या मेयो स्कूलचा आरंभ १८७५ सालचा. तिचे पहिले प्राचार्य लॉकवूड किपलिंग हे त्यापूर्वी मुंबईच्या शाळेतच अध्यापक होते. ह्या सर्व शाळांचा मूळ हेतू देशी कारागिरांना सुधारित रेखन शिकवून हस्तव्यवसाय टिकविणे हा होता, आणि त्यांपैकी काहींत हळूहळू तैलचित्रण, मानवाकृतीचे रेखन आणि शिल्प यांना प्राधान्य मिळत गेले. दिल्लीत मात्र अशी शाळा निघाली नाही. १९११ साली राजधानी तेथे नेण्याची घोषणा झाली, १९३१ साली नव्या राजधानीचे उद्घाटन झाले, तरीही शासनाची कलाशाळा तेथे नव्हती.

ह्या अभावाचे एक बोलके प्रत्यंतर नव्या सचिवालयाच्या भिंतींवरच दिसते. १९२० च्या आगेमागे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत नमुन्यावरून रेखनाचा वर्ग आणि भित्तिचित्रांचा वर्ग सुरू केला होता. त्या दशकाच्या अखेरीस सचिवालयाच्या उत्तर भागातील एका दालनाची सजावट ह्याच शाळेच्या चित्रकारांकडे सोपविण्यात आली. राजधानीच्या भिंतीसाठी लागणारे हात मुंबईहून मागवावे लागले, ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. दिल्लीत चित्रांना आश्रय देणारे होते, चित्रे घडविण्याची शिस्त शिकविणारी शासकीय व्यवस्था नव्हती. जी काही व्यवस्था होती ती खासगी प्रयत्नांची होती. अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य शारदाचरण उकील यांनी दिल्लीत आपली चित्रशाळा चालविली, आणि उकील बंधूंच्याच पुढाकाराने १९२८ साली अखिल भारतीय ललित कला व शिल्प संस्था स्थापन झाली. ह्या शाळेतून बंगालची पातळ, धुवट जलरंगांची पद्धती उत्तरेत रुजली. पण एका गुरूच्या शैलीभोवती फिरणारे शिक्षण आणि सर्वांगीण तांत्रिक शिक्षण ह्यांत अंतर असतेच.

ते अंतर भरून निघण्याचा योग कलेच्या विचारातून आला नाही, औद्योगिक शिक्षणाच्या विचारातून आला. व्यावसायिक शिक्षणाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या अ‍ॅबट आणि वुड ह्या दोघा इंग्रज तज्ज्ञांनी १९३७ साली आपला अहवाल सादर केला. त्याचे एक फळ म्हणून १९४१ साली दिल्ली पॉलिटेक्निकची स्थापना झाली, आणि १९४२ साली तिच्यात कला-विभाग उघडण्यात आला. अभियांत्रिकी, वास्तुविद्या आणि वस्त्रविद्या ह्यांच्या पंक्तीला चित्र आणि शिल्प येऊन बसले. दुसरे महायुद्ध ऐन भरात असता, यंत्रज्ञ तयार करण्याच्या खटाटोपात, भारताच्या राजधानीतील पहिले शासकीय कलाशिक्षण जन्मास यावे, हा योगायोग वरवर विसंगत भासतो. परंतु त्याचे परिणाम दूरगामी झाले.

पहिला परिणाम असा की कलेचा विद्यार्थी येथे कार्यशाळेच्या वातावरणात वाढला. काम म्हणजे हातांनी, हत्यारांनी, ठरलेल्या वेळात पुरे करावयाचे काम, ही पॉलिटेक्निकची धारणा होती. दुसरा परिणाम असा की येथील शिक्षणाच्या अखेरीस पदवी नव्हती, पदविका होती. विद्यापीठाच्या दृष्टीने पदविका हीन ठरते. पण पदविकेच्या अभ्यासक्रमात निबंधापेक्षा कृतीला महत्त्व असते, हेही तितकेच खरे. तिसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. मुंबई किंवा कलकत्ता येथील शाळांप्रमाणे दिल्लीच्या विभागापाशी स्वतःची अशी शैली नव्हती. जुन्या परंपरेचा भार नसल्यामुळे, जे अध्यापक आले त्यांनी आपापल्या शाळेचे तंत्र बरोबर आणले आणि ही तंत्रे एकाच आवारात शेजारी-शेजारी नांदली.

ह्या अध्यापकांत मराठी वाचकाला सर्वांत जवळचे नाव कृष्ण शामराव कुलकर्णी यांचे आहे. कन्नड आणि मराठी ह्यांच्या सीमेवरील बेळगावचे हे गृहस्थ जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि महायुद्धाच्या काळात दिल्लीत आले ते वस्त्रांवरील नक्षीकामाच्या व्यवसायासाठी. पुढे ते पॉलिटेक्निकच्या कला-विभागात शिकवू लागले. त्यांच्या चित्रांकडे पाहताना ह्या दोन्ही गोष्टींचा ठसा जाणवतो. मानवाकृतीची बळकट, कोनयुक्त रेषा ही मुंबईच्या रेखनवर्गाची देणगी आहे. तर आकृती आणि पार्श्वभूमी ह्यांना एकाच पातळीवर आणून त्यांची घट्ट वीण करण्याची रीत ही कापडासाठी आराखडे करणाऱ्या माणसाची आहे. ज्याने वाराला नक्षी बसविली आहे, त्याला चित्रातील रिकामी जागा ही रिकामी वाटत नाही. ‘शुद्ध’ आणि ‘उपयोजित’ असे कलांचे जे दोन वर्ण महाविद्यालयांतून पाडले जातात, त्यांची सरमिसळ कुलकर्ण्यांच्या हातात आधीच होऊन गेली होती.

फाळणीने ह्या विभागाचे रूप पालटले. लाहोर हे पंजाबच्या कलाजीवनाचे केंद्र होते. ते एका रात्रीत परदेश झाले. मेयो स्कूलमध्ये तयार झालेले शिल्पकार धनराज भगत ह्या सुमारास पॉलिटेक्निकमध्ये आले आणि पुढे दीर्घकाळ त्यांनी शिल्पाचे अध्यापन केले. भवेशचंद्र सान्याल यांची कथा अधिक वळणांची आहे. आसामात जन्मलेले, कलकत्त्याच्या शाळेत शिकलेले सान्याल १९२९ च्या लाहोर काँग्रेसच्या निमित्ताने लाला लजपतराय यांचा अर्धपुतळा घडविण्यासाठी लाहोरास गेले व तेथेच राहिले. मेयो स्कूलमध्ये त्यांनी शिकविले, नंतर ती नोकरी सोडून स्वतःची कलाशाळा चालविली. १९४७ साली ते निर्वासित म्हणून दिल्लीस आले. गोल मार्केटमधील त्यांची जागा विस्थापित कलावंतांचा अड्डा बनली. १९५३ साली ते पॉलिटेक्निकच्या कला-विभागाचे प्रमुख झाले आणि १९६० साली ललित कला अकादमीचे सचिवपद स्वीकारीपर्यंत त्यांनी तो विभाग सांभाळला.

मार्च १९४९ मध्ये सान्याल, कुलकर्णी, धनराज भगत, कँवल कृष्ण आणि प्राणनाथ मागो ह्यांनी दिल्ली शिल्पी चक्र स्थापिले. कला जीवनाला उजळते, असा ह्या मंडळाच्या बोधवाक्याचा आशय होता. शिल्पी चक्र आणि पॉलिटेक्निक ह्यांत माणसे बरीचशी समान होती, ही गोष्ट कलाशिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. दिवसा जो अध्यापक मातीचा गोळा कसा मळावा हे शिकवी, तोच संध्याकाळी चक्राच्या बैठकीत कलेचे समाजाशी नाते काय, ह्यावर वाद घाली. विद्यार्थ्याला तंत्र आणि विचार ह्यांची दोन स्वतंत्र खाती दिसत नसत. कनॉट प्लेसमधील धूमिमल हे मूळचे कागद आणि लेखनसाहित्याचे दुकान. त्याच्या मालकांनी चित्रकारांना प्रदर्शनासाठी जागा दिली. कागद विकणारा आणि कागदावर काम करणारा ह्यांचा हा संबंधही त्या काळच्या दिल्लीचे खरे रूप सांगतो.

आता ह्या अध्यापकवर्गाच्या तांत्रिक वारशाचा हिशेब मांडून पाहावा. कुलकर्ण्यांबरोबर मुंबईचे मानवाकृती-रेखन आले. भगतांबरोबर लाहोरची कारागिरी आली. त्यांनी लाकूड, दगड, प्लास्टर, सिमेंट ही सर्व द्रव्ये हाताळली आणि पुढे लाकडावर धातूचे पत्रे व खिळे ठोकून शिल्पे घडविली. कलकत्त्याचे शैलोज मुखर्जी युरोपातील आधुनिक चित्रे प्रत्यक्ष पाहून आले होते. लघुचित्रांची ऋजू रेषा आणि तैलरंगाचा मुक्त फटकारा ह्यांचा मेळ त्यांनी घातला, आणि १९६० साली मृत्यू येईपर्यंत ते दिल्लीतच शिकवीत होते. जया अप्पासामी यांच्याबरोबर शांतिनिकेतनची दृष्टी आली, आणि त्यांच्यामुळे कलेचा इतिहास हा विषय चित्रकाराच्या हातून शिकविला जाऊ लागला. बिरेन डे यांनी रंगातून प्रकाश निर्माण करण्याचा जो ध्यास पुढे घेतला, त्याची पूर्वतयारीही ह्याच अध्यापनकाळातील आहे. चार-पाच शाळांची तंत्रे एकत्र आल्यामुळे दिल्लीच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट लवकर कळली असावी, असे मानण्यास जागा आहे : रेषा ओढण्याची एकच बरोबर रीत नसते. ज्या शाळेत एकच रीत शिकविली जाते, तेथे तंत्र हे नियमासारखे वाटते. जेथे अनेक रीती शेजारी असतात, तेथे तंत्र ही निवड ठरते.

निवडीचा हा भाग मुद्रणकलेच्या वर्गात अतिशय स्पष्ट होतो. १९५८ साली सोमनाथ होर कलकत्त्याहून दिल्लीस आले आणि १९६७ पर्यंत त्यांनी तेथील छापचित्रांचा विभाग सांभाळला. तेभागा आंदोलनाच्या काळात शेतकऱ्यांमध्ये हिंडून रेखाटने करणारा, लाकडी ठशांवर काम केलेला हा कलावंत दिल्लीत प्रामुख्याने एचिंगकडे वळला. ह्या तंत्राची कृती समजून घेतल्यावाचून त्याचे मर्म कळत नाही. तांब्याच्या अथवा जस्ताच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, डांबर, राळ ह्यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. त्या थरावर सुईने रेखाटतात, म्हणजे रेषेपुरता धातू उघडा पडतो. मग पत्रा सौम्य केलेल्या नत्राम्लात बुडवितात. आम्ल उघडी रेषा खात जाते. जितका वेळ अधिक, तितकी रेषा खोल आणि छापताना तितकी काळी. नंतर थर काढून शाई भरतात, वरची शाई पुसून काढतात, आणि ओलसर कागद व जाड लोकर वर घालून पत्रा यंत्राच्या रुळांतून नेतात.

ह्या साऱ्या खटाटोपात चित्रकाराच्या मनातील रेषा आणि कागदावरील रेषा ह्यांच्यामध्ये मेण, आम्ल, वेळ, दाब आणि ओल असे पाच मध्यस्थ उभे राहतात. शिवाय चित्र उलटे उमटते. डावा हात उजवा होतो. ह्या मध्यस्थांना अडथळा मानणारा विद्यार्थी थोड्याच दिवसांत वर्ग सोडतो. त्यांना सहकारी मानणारा टिकतो. होर यांच्या पुढील कामात ह्याचे उत्तम प्रत्यंतर मिळते. दिल्ली सोडून शांतिनिकेतनात गेल्यावर, १९७० नंतर, त्यांनी कागदाच्या लगद्यावर पांढऱ्यावर पांढरे असे जे ‘जखमां’चे ठसे घडविले, त्यांत शाई जवळजवळ नाहीशी झाली आहे; उरला आहे तो केवळ साच्याचा आघात. आम्लाने खाल्लेला पत्रा हीच जखम आहे, ही जाणीव पुस्तकातून येत नाही. ती पत्र्यावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या हातालाच होते, आणि नंतर त्या हाताकडून मनाला कळते.

महाराष्ट्राला मुद्रणाचे हे जग परके नाही. एकोणिसाव्या शतकात मराठी पोथ्या व पुस्तके शिळाप्रेसवर छापली जात. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे मळवलीस गेला, आणि त्याच्या रंगीत शिळाछाप तसबिरी घरोघरच्या देवघरात पोचल्या. परंतु मराठी मनाने ह्या छपाईकडे प्रतींचा प्रसार म्हणून पाहिले. छाप हीच मूळ कलाकृती असू शकते, ही कल्पना आपल्याकडे उशिरा आली. दिल्लीत ती रुजविण्यात इंदूरला जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या देवयानी कृष्ण यांचा वाटा मोठा आहे. त्या व त्यांचे पती कँवल कृष्ण ह्या दोघांनी दिल्लीच्या मॉडर्न स्कूलमध्ये अध्यापन करीत असतानाच बहुरंगी धातुमुद्रणाचे प्रयोग घरच्या यंत्रावर केले. शाळेतील मुलांना शिकवून उरलेल्या वेळात घडलेले हे काम पुढच्या पिढीतील छापचित्रकारांना पायाभूत ठरले.

होर यांच्यानंतरचा धागा जगमोहन चोप्रा यांनी पुढे नेला. १९६८ साली त्यांच्या पुढाकाराने ‘ग्रुप एट’ हे छापचित्रकारांचे मंडळ निघाले. त्यातील अनुपम सूद ह्या दिल्लीच्याच कला महाविद्यालयात शिकल्या, नंतर लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये गेल्या, आणि परत येऊन त्याच महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ शिकविले. त्यांच्या एचिंगमधील मानवी देह हे धातूच्या करड्या छटांतून घडलेले आहेत. त्या देहांचे एकाकीपण आणि पत्र्याचा थंडपणा ह्यांची फारकत करता येत नाही. गुरूकडून शिष्याकडे आणि शिष्याकडून पुन्हा त्याच वर्गाकडे आलेला हा प्रवाह दिल्लीच्या कलाशिक्षणाचे सर्वांत ठळक यश होय.

पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेल्या इतर विद्यार्थ्यांची उदाहरणेही ह्याच दिशेने बोट दाखवितात. अर्पिता सिंग ह्यांनी १९५० च्या दशकात तेथील अभ्यासक्रम पुरा केला आणि नंतर विणकर सेवा केंद्रात वस्त्ररचनेचे काम केले. त्यांच्या चित्रांचा पृष्ठभाग लहानलहान रंगखुणांनी टाके घालावेत तसा भरलेला असतो, आणि आकृती त्या विणीतून वर येतात. मनजित बावा ह्यांनी पॉलिटेक्निकनंतर इंग्लंडमध्ये रेशमी पडद्यावरून छपाई करण्याचे काम केले. ह्या छपाईत रंग सपाट, अखंड आणि कडेला स्वच्छ असावा लागतो. बावांच्या चित्रांतील एकसंध लाल, पिवळ्या, जांभळ्या अवकाशात तरंगणाऱ्या आकृती पाहिल्यावर त्या छपाईची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पोटासाठी केलेले तंत्र प्रतिभेच्या आड येते, असा एक रूढ समज आहे. ह्या दोघांच्या बाबतीत तरी ते तंत्र प्रतिभेला उपयोगी पडले, असेच दिसते.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. तंत्रावर एवढा भर दिला तर कलावंत आणि कारागीर ह्यांत भेद काय उरला, असे विचारले जाईल. वसाहतीच्या काळातील कलाशाळांनी भारतीय विद्यार्थ्याला कारागीर समजूनच वागविले, आणि ‘आम्ही कारागीर नव्हे, कलावंत आहोत’ हे सांगण्यासाठी दोन पिढ्या झगडल्या; मग पुन्हा कारागिरीचा गौरव हे पाऊल मागे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. केवळ सफाईवर भर देणाऱ्या शिक्षणाने प्रतिकृती करणारे हात तयार होतात. पण ह्या आक्षेपाचे उत्तर तंत्र कमी करण्यात नाही, हे दिल्लीतच १९७२ पासून राहणाऱ्या वासुदेव गायतोंडे यांच्या उदाहरणावरून कळते. गायतोंडे हे जे. जे. स्कूलचे पदविकाधारक, निजामुद्दीनमध्ये राहून, कोणत्याही वर्गात न शिकविता, त्यांनी तेथे दीर्घकाळ काम केले. त्यांच्या चित्रांत ओळखीची वस्तू नाही, कथा नाही. आहे ती रुळाने आणि चाकूने चढविलेल्या व उतरविलेल्या पातळ रंगथरांची एक दीर्घ, संयत प्रक्रिया. ज्यांना मर्ढेकरांची शुद्ध संवेदना प्रत्यक्ष पाहावयाची असेल, त्यांनी ह्या चित्रांकडे जावे. परंतु ती शुद्धता पदार्थाला टाळून आलेली नाही. रंग केव्हा ओला आहे, केव्हा अर्धवट वाळला आहे आणि केव्हा कागदाने उचलून घेता येतो, ह्या अत्यंत पार्थिव ज्ञानाच्या पायावर ती उभी आहे. १९८४ सालच्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना काही काळ शक्य राहिले नाही, ह्या एका घटनेतही शरीर आणि कलाकृती ह्यांचे नाते उघड होते. संवेदना आणि पदार्थ हे माध्यमाचे दोन पर्याय नव्हेत. पदार्थाचा प्रतिकार ओळखून त्यातून काढलेली संवेदना म्हणजे माध्यम, अशी व्याख्या केली तर मर्ढेकरांचा आग्रह आणि कार्यशाळेचा अनुभव ह्या दोहोंना न्याय मिळतो.

संस्थेचा पुढील इतिहास मात्र ह्या दोहोंची सांगड घालणे किती अवघड आहे, हेच दाखवितो. १९६० च्या दशकात कला-विभाग पॉलिटेक्निकपासून अलग होऊन कला महाविद्यालय झाला आणि टिळक मार्गावरील आवारात स्थिरावला. पुढे दिल्ली विद्यापीठाशी संबंध जोडला जाऊन पदविकेची जागा पदवीने घेतली. ह्या बाबतीत बडोद्याचा आदर्श देशापुढे होता. १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी आणि नंतर के. जी. सुब्रमण्यन यांनी तेथे इतिहास, सिद्धांत आणि हस्तकृती ह्यांची एकत्र रचना केली. तेथे विद्यापीठाची चौकट प्रथमपासूनच कार्यशाळेभोवती बांधली गेली होती. दिल्लीत कार्यशाळा आधी होती आणि विद्यापीठ मागाहून आले. त्यामुळे चौकटीत कार्यशाळा बसवावी लागली. सत्र, तास, गुण, हजेरी ह्यांची मापे व्याख्यानासाठी तयार झालेली असतात. भाजणीची भट्टी किंवा वाळणारे तैलचित्र त्या मापांत बसत नाही. पदवीने कलाविद्यार्थ्याला अध्यापकाची नोकरी, पुढील शिक्षण आणि समाजात मान मिळवून दिला, हा लाभ सामान्य नव्हे. त्याची किंमत म्हणून हाताला लागणारा मोकळा वेळ आकसला, हेही नाकारता येणार नाही.

म्हणूनच महाविद्यालयाबाहेरच्या कार्यशाळांचे महत्त्व दिल्लीत वाढत गेले. सुंदरी श्रीधराणी यांनी १९५० साली सुरू केलेल्या त्रिवेणी कला संगमात चित्रकलेचा वर्ग कुलकर्ण्यांनी उभा केला. तेथे नोकरी करणारे, गृहिणी, वयाने मोठे झालेले विद्यार्थी येत, आणि प्रवेशासाठी पदवीची अट नव्हती. ललित कला अकादमीने १९७६ साली गढी येथे जुन्या गढीच्या आवारात कलावंतांसाठी सामायिक कार्यशाळा उघडल्या. छपाईचे यंत्र, भट्टी, ओतकामाची जागा ही साधने एकट्या तरुण कलावंताला परवडण्यासारखी नसतात. ती तेथे मिळू लागली. महाविद्यालयात आरंभ आणि गढीत पुढचा अभ्यास, असा क्रम दिल्लीच्या अनेक कलावंतांच्या आयुष्यात दिसतो. चार-पाच वर्षांचा अभ्यासक्रम तंत्राची तोंडओळख करून देतो. तंत्राशी सहवास त्यानंतरच घडतो, हे ह्या क्रमावरून उमगते.

संस्था कोणाची, हा प्रश्नही अद्याप पुनःपुन्हा वर येतो. २०२१ साली हे महाविद्यालय दिल्ली विद्यापीठापासून वेगळे करून आंबेडकर विद्यापीठाशी जोडण्याचा निर्णय दिल्ली सरकारने घेतला. विद्यापीठाने त्यास विरोध केला आणि प्रवेशांचा प्रश्न त्या वादात सापडला. १९४२ साली अभियंत्यांच्या आवारात जन्मलेल्या ह्या विभागाला ऐंशी वर्षांनंतरही स्वतःचे घर कोणते हे निश्चित सांगता येऊ नये, ह्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. हातांनी मिळणाऱ्या ज्ञानाला विद्येच्या कोणत्या दालनात ठेवावे, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेने कधीच नीट ठरविलेले नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना ह्या इतिहासातून काय घेता येईल? एक गोष्ट उघड आहे. चित्रकलेविषयी लिहिताना मराठी समीक्षक लय, समतोल, आकृतिबंध ही शब्दसंपदा सहज वापरतो. पण पत्र्यावरच्या थराला, रंगाच्या पहिल्या लेपाला, साच्यातील जोडाला मराठीत काय म्हणतात हे त्याला बहुधा ठाऊक नसते. दिल्लीच्या वर्गांतून बेळगाव, लाहोर, दिब्रुगड आणि चितगाव येथून आलेली माणसे एकमेकांशी ज्या मिश्र भाषेत बोलली, तिच्यात हे शब्द होते. ते टिपून ठेवले गेले नाहीत. मुंबईच्या शाळेचीही स्थिती फार निराळी नाही. कवितेच्या बाबतीत वृत्त, यती, मात्रा ह्यांची नावे माहीत नसणाऱ्याला आपण समीक्षक म्हणत नाही. चित्राच्या बाबतीत तेवढीच अपेक्षा धरली, तर समीक्षकाला प्रदर्शनाच्या दालनातून उठून एकदा तरी कार्यशाळेत जाऊन बसावे लागेल. मर्ढेकरांनी विचारलेला माध्यमाचा प्रश्न तेथे, आम्लाच्या कुंडीपाशी घड्याळ धरून उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या रूपाने, अजून उत्तराची वाट पाहत आहे.